वाळूवरचा मठार

तांबट आळीतल्या माणसाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. मल्हारी पाळण्यात होता तेव्हा त्याच्या आईने कधी अंगाई म्हटली नाही. म्हणणार तरी कशी? चाळीस घरांतून चाळीस हातोड्या चालायच्या, त्यात तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू यायचा नाही. पोर त्या ठणठणाटात गाढ झोपायचं आणि दुपारी जेवणासाठी सगळ्या हातोड्या थांबल्या की टाहो फोडायचं. मग कोंडाजी, त्याचा बाप, हातातला घास ताटात ठेवून उठायचा आणि रिकाम्या हंड्यावर दोनचार ठोके टाकून यायचा. पोर परत गप्प.

अशा पोराने पुढे तांबट नाही तर काय व्हायचं? चौथीपर्यंत शाळा झाली, मग बापाने त्याला खरवईसमोर बसवलं. खरवई म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी खांब. त्याच्यावर भांडं घालून ठोकायचं. बाकीचं काम मल्हारीला दहाजणांसारखंच यायचं, पण मठार मात्र त्याचाच. हंडा घडवून झाला, कळशी घडवून झाली, की लहान हातोडीने तिच्या अंगभर एकाला एक लागून ठोके द्यायचे, त्याला मठार म्हणतात. दर ठोक्याला एक चपटा मोती उमटतो. बघणाऱ्या बायांना वाटतं नक्षी काढली आहे. नक्षी कसली! त्या ठोक्यांनी मऊ तांबं आवळून येतं, घट्ट होतं आणि पन्नास वर्षं पोचा पडू देत नाही. "मठार झाल्याशिवाय भांडं नागडं," असं कोंडाजी म्हणायचा, आणि नागडं भांडं त्याने कधी दुकानाच्या पायरीवर ठेवलं नाही.

मठार करताना मल्हारीचे डोळे अर्धे मिटायचे. हातोडी आपली चालायची, खालचं भांडं आपोआप फिरायचं आणि हा कुठल्या कुठे निघून जायचा. इगतपुरीच्या पलीकडे, घाट उतरून, तो उभ्या जन्मात गेला नव्हता. त्यामुळे त्याला दिसणारे देश त्याने कुठे पाहिलेले नसायचे. बहुतेक वेळा एक मोकळा मुलूख दिसायचा, लालसर, उन्हात चकाकणारा, लांबच्या लांब. झाड नाही, घर नाही. एकही ठोका न पडलेला तांब्याचा अख्खा पत्रा कुणीतरी आभाळाखाली अंथरून ठेवला आहे आणि हा हातोडी घेऊन त्याच्या काठाला उभा आहे. मग हंडा पुरा व्हायचा आणि मुलूख मिटायचा.

पुढे घरोघरी स्टील आलं. बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. चिंच लावून तांबं घासायला बसा म्हणजे कळेल. स्टीलच्या भांड्यावर पाणी टाकलं, फडकं फिरवलं, झालं. आळीतल्या चाळीस हातोड्यांच्या वीस झाल्या, विसांच्या अकरा झाल्या. कोंडाजी वारला त्या वर्षी तर आळीत भरदिवसा चिमण्या ऐकू यायला लागल्या. मल्हारी दचकून बाहेर येऊन बघायचा, काय झालं म्हणून.

तेव्हा सातपूरला कारखाने उभे राहत होते. पंचाहत्तर साली मल्हारी एका पत्र्याच्या कारखान्यात लागला. मोठमोठ्या इमारतींत गार हवा फिरवायला पत्र्याच्या चौकोनी-गोल वाहिन्या लागतात, त्यांना डक्ट म्हणतात. ते तिथे व्हायचे. पत्रा कापणं, वळवणं, त्याची शिवण बसवणं हे त्याला शिकवावं लागलं नाही. दोन महिन्यांत आयटीआय झालेली पोरं अडलं की त्याच्याकडे यायला लागली. रोज सकाळी तो दोन तास घरच्या खरवईवर बसायचा, मग डबा घेऊन सातपूरची बस धरायचा.

सगळं ठीक होतं, फक्त ते कार्ड सोडून. कारखान्यात शिरताना टाइमकीपरकडे कार्ड टोचून घ्यावं लागे. त्यावर त्याचं नाव, त्याखाली 'हेल्पर' आणि त्याखाली 'अकुशल'.

"साहेब, हे अकुशल म्हणजे काय हो?" त्याने एकदा विचारलं.

"ज्याला काम येत नाही तो."

"मग मी दिवसभर करतो ते काय?"

"ते काम," टाइमकीपर म्हणाला. "पण तुला येत नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट आहे का? नाही ना? मग येत नाही."

टाइमकीपर वाईट नव्हता. त्याच्याजवळ दोनच रकाने होते, माणूस एकात बसवायचा की दुसऱ्यात, एवढाच त्याचा प्रश्न. पण मल्हारीला तो शब्द भातातल्या खड्यासारखा लागला. घरी आल्यावर त्याने चांगुणाला कार्ड दाखवलं. चांगुणा म्हणजे त्याची बायको, तोंडाने जरा तिखट.

"अहो, पगार देतात ना वेळेवर? कार्ड काय ओवाळायचंय?"

"अगं, पण अकुशल! अर्ध्या नाशिकच्या न्हाणीघरात माझे बंब तापतात."

"मग त्या बंबांना सांगा, सही करून द्या म्हणावं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पण त्या दिवशी तिने त्याला ठेचा जास्त वाढला. तिची समजूत काढायची रीत ती.

एकोणऐंशी साली कारभारीने ती बातमी आणली. कारभारी दिंडोरीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, कारखान्यात वेल्डर. त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, पण त्याचा तोरा नव्हता. चहाच्या टपरीवर त्याने मल्हारीला कोपराने ढोसलं.

"मल्हारीभाऊ, आखातात माणसं पाहिजेत. वेल्डर पाहिजेत, पत्रेवाले पाहिजेत. दिवाकरशेठ म्हणून एजंट हाय, त्यानं नाशकात शालिमारला हापिस टाकलंय."

"मला काय उपयोग? सर्टिफिकेट कुठंय?"

"नाय लागत. हात बघत्यात."

"हात?"

"तिकडचा फोरमन येणार. त्याच्यासमोर काम करून दाखवायचं. पास झाला का व्हिसावर छापून येतं, स्किल्ड म्हणून. पगार चौपट, ते येगळंच."

"स्किल्ड म्हणजे रे?"

"कुशल!" कारभारी म्हणाला. "इंग्रजीतला कुशल. इथल्यापेक्षा लय भारी."

मल्हारीचा चहा पेल्यातच निवला. चौपट पगाराचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याला तो लाल मुलूख दिसला. तर तो आहे म्हणायचा खरंच कुठेतरी! आणि तिथल्या वेशीवर एक माणूस बसलेला आहे, जो कागद मागत नाही, हात पुढे कर म्हणतो.

मग पासपोर्टाची धावाधाव. पासपोर्टाची पुस्तकं छापतात आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आणि मल्हारीला ते मिळालं मुंबईहून. म्हणजे मल्हारीच्या आधी त्याचं पुस्तक घाट उतरून आलं होतं. अर्जात धंदा कोणता म्हणून एक रकाना होता. मल्हारी 'तांबट' सांगणार, तेवढ्यात दिवाकरशेठने 'नोकरी' लिहून टाकलंसुद्धा.

"दोन वर्षं?" चांगुणा म्हणाली. "मग मी ओरडू कुणावर?"

"पत्र लिहून ओरड."

"पत्रातलं ओरडणं गार होऊन पोचतं," ती म्हणाली. पण परीक्षेच्या दिवशी तिने त्याच्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, "हात राखू नका. जसं घरी करता तसंच करा." एवढं सांगितलं तिने, आणि तेच त्याने ऐकलं. एरवी ऐकत नाही.

परीक्षा सातपूरलाच होती, एका रिकाम्या शेडमध्ये. पत्र्याच्या कामाला बावीसजण आले होते. फोरमन फिलिपाइन्स देशाचा होता. साहेब म्हणजे उंच, गोरा, पाइप ओढणारा असं सगळ्यांच्या मनात. निघाला हा ठेंगणासा, गव्हाळ, बारीक डोळ्यांचा, कुणाच्यातरी लग्नात पंगत वाढणाऱ्या मामासारखा. त्याला इंग्रजी बेताचंच येत होतं, आणि दिवाकरशेठलाही बेताचंच, त्यामुळे दोघांचं छान जमत होतं.

काम काय, तर जस्ती पत्र्याचा गोल एल्बो. पाच तुकडे कापून, शिवण घालून, हात कोपरात वाकवावा तसं नळकांडं वळवायचं. वेळ चार तास. मल्हारीचा अडीच तासांत झाला. शिवणीतून सुई जाणार नाही असा. आता खरं तर त्याने हात जोडून बाजूला उभं राहायचं. पण दीड तास रिकामा, आणि हातात हातोडी. बाजूला लोखंडी पाइप रोवलेला होता, अगदी खरवईसारखा. आजूबाजूला एकवीस हातोड्या वाजत होत्या. लहानपणीच्या आळीसारखा आवाज भरून आला होता, कितीतरी वर्षांनी. मल्हारीचे डोळे अर्धे मिटले. एल्बो पाइपावर चढला आणि फिरायला लागला.

तो जागा झाला तो शांततेने. सगळ्यांच्या हातोड्या थांबल्या होत्या आणि एकवीसजण त्याच्याकडे बघत होते. त्याने खाली पाहिलं. एल्बोच्या अंगभर, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, मठार!

"अरे काय केलंस हे!" दिवाकरशेठ धावत आला. "डक्ट आहे डक्ट! देवघरातलं घंगाळ नाही! ऐनवेळी कुणी माती खातं का अशी?"

मल्हारीने हातोडी खाली ठेवली. भांडं पुरं झालं होतं आणि ते नागडं होतं, एवढंच कारण. पण ते या शेडमध्ये कुणाला सांगायचं?

फोरमन सावकाश आला. त्याने एल्बो उचलला, उजेडात धरला. काही ठिकाणी ठोक्यांनी जस्ताचा मुलामा उडाला होता, तिथे नख लावून त्याने मान हलवली, नाही म्हणून. मल्हारी जमिनीकडे बघायला लागला. मग फोरमनने शेजारच्याचा एल्बो घेतला, त्यावर बोटाच्या पेराने वाजवलं. थड थड. पत्रा धडधडला. तिसऱ्याचा वाजवला, तोही थड थड. मग मल्हारीचा वाजवला. टक्. एवढंच. दगडावर वाजवल्यासारखं. त्याने पुन्हा वाजवलं. टक्. तो दिवाकरशेठला काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात जस्त उडवलंस, तिकडे असं करायचं नाही," दिवाकरशेठने सांगितलं. मग नाखुशीने पुढे म्हणाला, "आणि म्हणतात, वारा सुटला की डक्ट थडथडतो, रात्रभर लोकांना झोपू देत नाही. हा थडथडणार नाही. विचारतात, कुठे शिकलास?"

"पाळण्यात," मल्हारी म्हणाला.

दिवाकरशेठने त्याचं इंग्रजी काय केलं ते त्यालाच ठाऊक, पण फोरमन हसला. त्याने मल्हारीचा उजवा हात धरला, उलटा केला आणि अंगठ्याच्या बुडाशी हातोडीने पडलेला घट्टा दाबून पाहिला. मग स्वतःचा हात पालथा-उताणा करून दाखवला. त्याच जागी, तसाच घट्टा. दोघं तिथे क्षणभर उभे राहिले, बाजारात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसे. नंतर फोरमनने खिशातून पेन काढलं आणि मल्हारीच्या नावाच्या कागदावर एक खूण केली, शेजारी एक शब्द लिहिला आणि खाली सही केली.

"पास," वेल्डिंगची परीक्षा उरकून आलेला कारभारी त्याच्या कानात ओरडला. "स्किल्ड लिवलंय, मी पाह्यलं!"

त्यानंतरचे सहासात महिने मल्हारी जमिनीवर चाललाच नाही म्हणा. कार्ड टोचून घेताना तो आता हसायचा. चांगुणाने सांगितलेलं सामान विसरून यायचा, मीठ आण म्हटलं तर मेणबत्ती आणायचा. सकाळी खरवईवर बसला की मुलूख आता रोज दिसे, आणि पहिल्यापेक्षा जवळ. आता त्याला कळलं होतं की तो तांब्याचा नाही, वाळूचा आहे. पण एकही ठोका न पडलेला. मल्हारी त्याच्यात पाऊल टाकायचा आणि प्रत्येक पावलाचा एक चपटा मोती उमटायचा. मागे वळून बघावं तर आला तिथपर्यंत मठार झालेला. वाळू आवळून घट्ट झालेली. एकदा तर त्याला कोंडाजी दिसला, वाळूत मांडी घालून बसलेला, हाताने चाचपून ठोके सारखे पडलेत का बघणारा. दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून दिसलेलं हे सगळं. त्याला स्वप्न तरी कसं म्हणायचं?

ऑक्टोबरात निरोप आला. व्हिसे आले, शालिमारला या.

दिवाकरशेठच्या ऑफिसात शैला म्हणून एक मुलगी टायपिंगला होती. सगळ्यांची नावं, बापाची नावं, कुणाचं काय अडलंय, तिला पाठ. कारभारीचा व्हिसा आला होता, वेल्डर म्हणून. तो जिन्यात पेढे वाटत होता. मल्हारी टेबलासमोर उभा राहिला तशी शैलाने मान खाली घातली.

"तांबट, पत्र्याचे व्हिसे आपल्या देशाच्या नावाने नाही निघाले."

"म्हणजे काय ताई? मी पास आहे. त्या साहेबाने लिहिलंय."

"लिहिलंय हो. पण व्हिसा माणसाच्या एकट्या हुन्नरावर नसतो. आधी देश, मग काम. कंपनीने आठ पत्रेवाले इंडियाचे मागितले होते. तिकडच्या सरकारने ते आठही फिलिपाइन्सच्या नावाने दिले. आपल्या नावाने वेल्डर दिले आणि हेल्पर." तिने भिंतीवर लावलेला कागद दाखवला आणि बोट ठेवून वाचत गेली. "हे बघा, गवंडी पाकिस्तानचे. नळकाम कोरियाचं. पत्रा फिलिपाइन्सचा. झाडलोट बांगलादेशची. वर देखरेखीला इंग्लंडचे."

मल्हारी त्या कागदाकडे बघत राहिला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आखणी ओळखीची वाटली.

"म्हणजे तिथेसुद्धा आळ्याच आहेत की!" तो म्हणाला. "आमच्या गावात तांबट आळी, कुंभारवाडा, तसं. फक्त आळ्यांना देशांची नावं दिली."

शैला हसली आणि लगेच गप्प झाली, कारण दिवाकरशेठ आतून आला.

"मल्हारी, तोंड पाडू नकोस. हेल्परचे सहा व्हिसे आहेत माझ्याकडे. पगार थोडा कमी, पण इथल्यापेक्षा जास्तच. जाऊन तर पोच! तिथे गेल्यावर तुझं काम बघून आपोआप बदलतील."

मल्हारीने शैलाकडे पाहिलं. "बदलतं का हो ताई?"

शैलाने टाइपरायटरवरचा कागद नीट केला, तो आधीच नीट होता. "नाही बदलत," ती हळूच म्हणाली. "व्हिसावर जो शब्द, तोच परत येईपर्यंत."

दिवाकरशेठने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "उद्या संध्याकाळपर्यंत सांग," तो मल्हारीला म्हणाला. "बाहेर रांग आहे."

घरी येऊन त्याने चांगुणाला सगळं सांगितलं. ती शेवया मोडत होती. त्याच्या जाण्याच्या तयारीला म्हणून तिने नवी ट्रंक आणून तिच्यावर तांबड्या रंगाने त्याचं नाव घालून घेतलं होतं. ती ट्रंक तिथेच कोपऱ्यात होती.

"मग काय करू?" त्याने विचारलं.

"मी जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही," ती म्हणाली. "जा म्हटलं तर पगारासाठी पाठवलं होईल, राहा म्हटलं तर पायात पाय घातले होतील. तुमचं तुम्ही ठरवा. पण तिथं जाऊन रोज तो शब्द बघून रुसणार असाल, तर इथंच रुसा. मला दिसेल तरी."

दुसऱ्या दिवशी मल्हारी कामावर गेला नाही. सकाळी खरवईवर एक घंगाळ घेऊन बसला. आळीत उरलेल्या हातोड्या चालू होत्या, कुठे एक, कुठे एक, थांबत थांबत. डोळे अर्धे मिटले. मुलूख आला. तसाच लांबच्या लांब, चकाकणारा. पण आज त्याच्या हातात हातोडी नव्हती. डोक्यावर पत्रे होते, दुसऱ्या कुणाचेतरी, आणि ते तो या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत होता. पाऊल टाकायचा, पण वाळूवर काही उमटत नव्हतं. वळून पाहिलं तर मागे सगळं कोरं. कोंडाजी बसायचा तिथेही कुणी नव्हतं. मल्हारीने डोळे उघडले. घंगाळावर एक ठोका वाकडा पडला होता, जन्मात पहिल्यांदा. त्याने तो अंगठ्याने चाचपला, पुन्हा ठोकून सरळ केला, घंगाळ पुरं केलं आणि सदरा चढवला.

"काय ठरलं?" दिवाकरशेठने विचारलं.

"हेल्पर तर मी सातपूरला आहेच शेठ. त्यासाठी समुद्र कशाला ओलांडू?"

"वेडा आहेस. लोक पाय धरतात यासाठी."

"त्यांना द्या की. मला फक्त तो कागद हवाय, फोरमनसाहेबाने खूण केलेला."

"तो कंपनीचा आहे. आणि तुला काय करायचाय? तो आता कशालाच उपयोगी नाही," असं म्हणून दिवाकरशेठ रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळला.

शैलाने कपाटातून एक फाईल काढली, आतला कागद टाइपरायटरच्या बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर टकटक सुरू केली. झाल्यावर शिक्का मारला, आणि मल्हारीला जिन्याजवळ बोलावलं.

"नक्कल आहे. वाचून दाखवू? तांबट मल्हारी कोंडाजी. देश, इंडिया. काम, पत्रा. परीक्षेचा निकाल, कुशल. सही आहे त्या फोरमनची म्हणून लिहिलंय." ती थांबली. "खाली अजून एक ओळ आहे. 'या देशाच्या नागरिकांसाठी व्हिसा उपलब्ध नाही.' मूळ कागदावर आहे म्हणून टाइप केली. नको असेल तर दुसरी नक्कल करते, त्या ओळीशिवाय."

मल्हारीने कागद हातात घेतला. वरच्या ओळीवर अंगठा ठेवला, मग खालच्या.

"राहू द्या ताई. दोन्ही खरं आहे."

निघताना त्याचं लक्ष दाराच्या कोपऱ्यात गेलं. तिथे त्याचा एल्बो उभा होता. आत पावसाळ्यापासूनच्या तीन छत्र्या खोचलेल्या.

"हा नेऊ का?"

"न्या," शैला म्हणाली आणि छत्र्या स्वतःच्या हाताने काढून दिल्या. "तरी म्हटलं, छत्र्यांचा हा डबा एवढा देखणा कसा!"

कागदाला त्याने मेनरोडवर काच बसवून घेतली. एकदा तो टाइमकीपरलाही दाखवला. त्याने उलटसुलट पाहिला, वाचला, आणि खरोखरच वाईट वाटून म्हणाला, "मल्हारी, हे बाहेरच्या देशाचं आहे रे. इथे चालत नाही." तिकडे देश आडवा आला आणि इकडे कागद परका निघाला. मल्हारीने हसून कार्ड टोचून घेतलं. खडा लागायचा तो आता लागत नव्हता. लागला तरी जिभेला कळत होतं की आपला दात शाबूत आहे. कागद देव्हाऱ्याशेजारी खिळ्यावर टांगला. चांगुणा रोज सकाळी देवांच्या तसबिरी पुसायची, त्या फडक्याने तोही पुसायची. "कार्ड काय ओवाळायचंय" असं म्हणणारी ती हीच.

एल्बो आठ दिवस ट्रंकेवर पडून होता. मग चांगुणानेच त्याला कामाला लावलं. न्हाणीघरातल्या बंबाचा धूर घरात कोंडायचा, डोळे चुरचुरायचे. "हे वाकडं नळकांडं याच्यावर बसवा की, आणि तोंड काढा खिडकीबाहेर." मल्हारीने तांब्याची एक कडी घडवून एल्बो बंबाच्या धुरांड्यावर चढवला. खाली कोंडाजीने मठारलेला तांब्याचा बंब, वर मल्हारीने मठारलेला जस्ती एल्बो. बापलेक एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिल्यासारखे. तिकडच्या हवेलीत गार हवा फिरवायची ज्याने, तो इकडे गरम धूर सोडायला लागला; पण थडथडला कधी नाही.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात कारभारी आला. दोन वर्षांचं काम लांबून तीन वर्षांचं झालं होतं. अंगात जाड जाकीट, हातात कॅसेटचा डबा, चांगुणासाठी वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट. दिंडोरीला जायच्या आधी मुक्काम मल्हारीकडे. सकाळी दोघं बंबापाशी शेकत बसले.

"सांग ना कसं आहे तिथं," मल्हारी म्हणाला.

"काय सांगू? नाव कुणी विचारत नाय. 'ए इंडिया, इकडं ये.' झालं! खोल्या देशावार. जेवाय बसायचं तेबी देशावार. मी कारभारी हाय हे मला येताना इमानात बसल्यावर आठवलं."

"भावजी, फार वाळलात हो," आतून चांगुणा ओरडली. "दोन भाकरी जास्त टाकते."

"टाका वहिनी, टाका!" कारभारीने आवाज खाली आणला. "भाऊ, तो फोरमन भेटला व्हता."

मल्हारीचा हात काटक्या सारता सारता थांबला.

"पत्रेवाल्यांची खोली पलीकडं. एक दिवशी मला बघून जवळ आला. त्याला तुझं नाव काय येणार? 'इंडिया' म्हणाला, आन् बोटाच्या पेरानं असं भिंतीवर वाजवलं. टक्. टक्. कुठंय, म्हणून हातानं इचारलं. मी म्हनलं, नाय आला. तर उगीच उभा राह्यला जरा येळ. मग गेला."

वर एल्बोतून धूर सावकाश वळत होता आणि खिडकीतून आळीवर पसरत होता.

"आणि वाळू?" थोड्या वेळाने मल्हारीने विचारलं. "वाळू कशी असते?"

"वाळूचं काय घेऊन बसलास! नाकातोंडात जाती नुसती." मग कारभारीला काहीतरी आठवलं. "पर खरं सांगू? सकाळी वारा पडला का लांबपतूर बघावं. कुणाचं पाऊल नसतं. आन् सगळ्या वाळूवर एकसारख्या बारीक खळ्या पडलेल्या, एकाला एक लागून, जितकी नजर जाईल तितक्या. पयल्यांदा पाह्यलं तवा मला वाटलं, अरे तिच्यायला, हा तर मल्हारीभाऊचा मठार!"

मल्हारीचे डोळे अर्धे मिटले. कितीतरी महिन्यांनी तो मुलूख आला, पण आता कोरा नव्हता. काठापासून काठापर्यंत मठार झालेला, वाळू घट्ट आवळून आलेली, उन्हात चमकणारी.

"कुणी केला म्हणायचा?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"कोण करणार? वाऱ्यानं."

"आणि त्याला काय म्हणून घेतलंय तिथं? कुशल का हेल्पर?"

कारभारी आधी बघतच राहिला, मग असा हसला की हातातला चहा जाकिटावर सांडला. मल्हारीही हसत होता, डोळे मिटूनच, आणि त्याची बोटं गुडघ्यावर आपली चालत होती, एकाला एक लागून, सारखी.

"पाणी उकळून चाललंय," चांगुणा दारात येऊन म्हणाली. "देशोदेशीचं नंतर बोला. आधी आंघोळी उरका, दोघंही."